फँटसी मालिकेतली विभक्त बायको: पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत तिला कसं घडवायचं

फँटसी मालिकांच्या कच्च्या खर्ड्यांत एक बाई हमखास भेटते: नायकापासून वेगळी राहणारी त्याची बायको. पहिल्या भागात ती कडवट बोलते, दुसऱ्यात शत्रूच्या तावडीत सापडते आणि तिसऱ्यात रडून परत येते किंवा मरते. लेखकाला वाटतं, पात्र बदललं. खरं तर नायकाला त्या त्या वेळी जे लागलं ते तिने पुरवलं, एवढंच झालेलं असतं.

बहुतेक वेळा बिघाड कामाच्या क्रमात असतो. नायकाचा प्रवास आधी आखला जातो आणि उरलेल्या फटींत तिला कोंबलं जातं. खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे: आधी तिचं आयुष्य, मग दोघांच्या भेटी, आणि प्रसंग सगळ्यांत शेवटी.

सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. तीन भागांची मालिका. या जगात मंत्राची किंमत आठवणींत मोजतात आणि दिलेली आठवण कायमची जळून जाते. नायक मांत्रिक आहे. वेढा पडलेलं शहर वाचवायला त्याने आपल्या मेलेल्या मुलाची प्रत्येक आठवण मोजून दिली. शहर वाचलं, तो वीर ठरला. मुलगा आता फक्त त्याच्या बायकोला आठवतो. ती घर सोडून घाटातल्या जकात नाक्यावर राहते आणि पुढे तिथलीच कारभारीण होते.

## तयारी: तिच्यासाठी वेगळी वही

मालिका लिहिणारे जगाच्या नोंदींची एक वही ठेवतातच. तिच्यासाठी दुसरी करा. कागदी असो वा स्प्रेडशीट, रकाने एवढे हवेत: साल, तिचं वय, ठिकाण, हाती असलेलं काम, तिला तोवर काय कळलेलं आहे, आणि ती नवऱ्याला काय म्हणून हाक मारते.

यातला पाचवा रकाना सगळ्यांत जास्त वेळा रिकामा सापडतो आणि सगळ्यांत जास्त घोळही तिथेच होतात. दुसऱ्या भागात ती नायकाच्या नव्या शपथेबद्दल टोमणा मारते, पण ती बातमी तिच्यापर्यंत पोचली कशी? घोडेस्वाराला घाट चढायला आठ दिवस लागतात हे तुम्हीच पहिल्या भागात लिहिलेलं असतं.

## पायरी 1: फाटलं कशावरून, ते तीनदा लिहा

ही पायरी घाईत उरकली की पुढच्या सगळ्या लटक्या पडतात. एकाच घटनेचे तीन मजकूर तयार करा. ते कादंबरीत जाणार नाहीत.

पहिला पंचनाम्यासारखा, एकही विशेषण न वापरता. *वेढ्याच्या शेवटच्या रात्री त्याने मंत्र टाकला. किंमत म्हणून मुलाच्या आठवणी दिल्या. बायकोला विचारलं नाही. सकाळी तिने मुलाचं नाव घेतलं, तेव्हा त्याने “कोण?” असं विचारलं.*

दुसरा त्याच्या तोंडून. *आत हजारो माणसं होती. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे उरलं नव्हतं. आणि काय गेलं तेच मला ठाऊक नाही, तर मी रडू कशासाठी?*

तिसरा तिच्या तोंडून, आणि हा सगळ्यांत लांब. दोन पानं तरी लिहा. *मूल गेलं तेव्हा त्याला आठवणारे आम्ही दोघं होतो. एका रात्रीत मी एकटी उरले. शहर वाचवू नकोस असं मी म्हटलं असतं का? कदाचित नसतं म्हटलं. पण त्याने मला विचारायला हवं होतं.*

आता दुसरा आणि तिसरा मजकूर शेजारी ठेवून वाचा. तो शहराबद्दल बोलतोय, ती न विचारल्याबद्दल. दोघं एकाच विषयावर भांडतच नाहीत, म्हणून हे भांडण तीन भाग पुरतं. तुमच्या मजकुरांत दोघं एकाच मुद्द्यावर उलटसुलट बोलत असतील, तर तो निव्वळ वाद आहे आणि वाद एका प्रकरणात संपतो.

तपासणी. पुढे जाण्याआधी तीन प्रश्न.

एक: दोघं एक रात्र मनमोकळं बोलली तर हे मिटेल का? मिटत असेल तर तो गैरसमज आहे. गैरसमजावर एखादं प्रकरण निभतं. त्याच्यावर मालिका उभी केली की वाचक दुसऱ्या भागात वैतागून म्हणतो, “अरे, बोला ना एकदाचं!”

दोन: तुमच्या जगातल्या जादूने हे मिटेल का? फँटसीत हा प्रश्न टाळताच येत नाही. उदाहरणात आठवण जळून जाते, हा नियम त्याचसाठी आहे. ती कुठेतरी बाटलीत बंद असती, तर सगळी मालिका त्या बाटलीच्या मागे धावली असती आणि बायको नुसती वाट बघत बसली असती.

तीन: तिची बाजू घेताच नायक राक्षस ठरतो का? किंवा त्याची घेतली की ती आततायी वाटते? पारडं एकाच बाजूला झुकलं असेल तर कारण बदला.

सावधान: वेगळं होण्याचं कारण मारहाण किंवा छळ असेल, तर खालच्या पायऱ्यांतली मनोमीलनाची वाट तुमच्यासाठी नाही. ती सुटकेची कथा आहे. तिला रुसव्याचे कपडे चढवू नका.

## पायरी 2: या जगात लग्न म्हणजे काय, ते ठरवा

हे काम एका बैठकीत होतं. लग्न शब्दाने होतं, करारावर की मंत्राने? ते मोडता येतं का, आणि कोण मोडू शकतं? वेगळं राहणाऱ्या बाईचं नाव, हुद्दा, जमीन, मुलं कोणाकडे जातात? तुमच्या जगात काही जमाती चारशे वर्षं जगत असतील तर पाच वर्षांचा दुरावा त्यांना केवढा वाटतो?

लग्नाला जादूचा बंध जोडायचा मोह होतो. एकाला जखम झाली की दुसऱ्याला कळते, वगैरे. खुशाल जोडा, पण मग तो प्रत्येक भागात चालला पाहिजे. पहिल्या भागात तिला त्याचा ताप जाणवला आणि दुसऱ्यात त्याचा हात तुटला तरी ती शांतपणे जेवते आहे, असं झालं की वाचक लगेच पकडतो.

## पायरी 3: नायक नसताना ती काय करते?

वहीत आता तिचं कॅलेंडर भरा. नायकाच्या कथेकडे अजून बघायचं नाही. मोठी घटना शून्य साल धरा आणि दोन भागांच्या मधला काळही भरा, कारण ती मुख्यतः तिथेच बदलणार आहे. नायकाच्या आयुष्यातले बदल लढायांमध्ये होतात आणि पानावर दिसतात. तिच्यातले बदल वाचकाच्या नजरेआड होतात. त्याला पुढच्या भेटीत फक्त फरक दिसतो. हा फरक विश्वसनीय वाटायचा तर मधलं सगळं तुम्हाला ठाऊक असायला हवं.

उदाहरणातलं कॅलेंडर असं भरेल. साल 0: वेढा, घर सोडणं. साल 2: नाक्यावर हिशेबनीस म्हणून काम. साल 4: आधीचा कारभारी लाच घेताना सापडतो, चावी तिच्याकडे येते. साल 5: पहिला भाग. साल 6: घाटात दरड कोसळते, माणसं गाडली जातात. ढिगारा उचलायचा मंत्र तिला येतो, पण किंमत मागितली जाते. साल 7: दुसरा भाग. साल 8: तिसरा.

साल 6 वर जरा थांबा. कोणत्याही भागात न येणारी ही घटना तिच्या पात्राचा कणा आहे. तीही आठवण देते, मुलाचीच, कारण जड किमतीची दुसरी तिच्याकडे नाही. देण्याआधी मात्र ती जकातीच्या वहीत ती आठवण लिहून ठेवते: मुलाने पहिल्यांदा पाऊस पाहिला ती दुपार. माणसं वाचतात. दुसऱ्या दिवशी ती वही उघडते तेव्हा अक्षर तिचंच असतं आणि दुपार कोणा परक्या घरातली वाटते.

आता तिला नवरा समजतो. शहर वाचवावं लागतं तेव्हा माणूस काय करतो, हे तिने स्वतः करून पाहिलं. आणि त्याच क्षणी तिचा राग दुप्पट होतो, कारण लिहून ठेवायला एक रात्र पुरते हेही तिला कळलं. समजूत वाढते आणि रागही वाढतो. अशी एक तरी घटना तुमच्या कॅलेंडरमध्ये असू द्या. “काळ गेला आणि तिचा राग निवळला” हे कॅलेंडर भरायचा कंटाळा आल्याचं लक्षण आहे.

तपासणी: कॅलेंडरमधल्या प्रत्येक ओळीत तिने काहीतरी केलं आहे का? “तिला कळलं”, “तिच्यावर ओढवलं”, “तिला वाटलं” अशाच ओळी असतील तर पुन्हा भरा.

सावधान: गेलेल्या मुलाची जागा भरायला नाक्यावर एखादं अनाथ पोर आणू नका. फार सोपं पडतं, आणि मूळ दुःख उगाच स्वस्त होतं.

## पायरी 4: पहिला भाग, पहिली भेट

पहिल्या भागात तिचे दोन-तीन प्रसंग पुरतात. पण पहिला प्रसंग चुकला की वाचक तिला “कटकटी बायको” या खणात टाकून मोकळा होतो आणि तिथून तिला बाहेर काढायला दोन भाग लागतात. नेहमी लिहिला जाणारा प्रसंग असा:

*“आलात? पाच वर्षांनी आठवण झाली?” ती कडवटपणे म्हणाली. “तुम्हाला तुमचं शहर मोठं होतं, मी नव्हते.”*

दोन वाक्यांत सगळा इतिहास सांगून टाकला, भावना क्रियाविशेषणात घातली आणि तिच्या हाताला काही काम दिलं नाही. आता तोच प्रसंग तिच्या कामाच्या जागी:

*“गाड्या किती?”*
*“दोन.”*
*“आत काय?”*
*“धान्य. आणि… मी आहे.”*
*“माणसांवर जकात नाही. सात नाणी.”*
*नाणी ठेवायला त्याने मेजावरच्या कागदांवरचा लाकडी घोडा बाजूला सरकवला. एका पायाचा तुकडा पडलेला, गुळगुळीत झालेला घोडा. तिने तो उचलला, होता तिथे परत ठेवला, आणि म्हणाली, “पुढचा.”*

घोडा मुलाचा होता हे वाचकाला इथे कळत नाही आणि नायकाला तर कधीच आठवणार नाही. दुसऱ्या भागात ते उलगडलं की वाचक मागे जाऊन हे पान पुन्हा काढतो. पहिल्या भागात अशी दोन-तीन बीजं पेरा. प्रत्येक बीज वस्तू किंवा कृती असावं. “तिच्या डोळ्यांत एक जुनं दुःख होतं” यातून काहीच उगवत नाही.

आणखी एक. तिची ओळख दुसऱ्या पात्रांच्या गप्पांतून आधी करून देऊ नका. सैनिकांनी “सरदारांची बायको म्हणजे…” असं चार पानं बोलून घेतलं, की ती आली तरी वाचक त्यांच्याच चष्म्यातून तिला बघतो.

## पायरी 5: दुसरा भाग, निवेदन तिच्या हाती द्यायचं का?

पहिल्या भागापासून दोघांच्या नजरेतून लिहिलं तर वाचक दोघांनाही समजून घेतो, पण घोड्यासारखी रहस्यं लपवता येत नाहीत. तिच्याच डोक्यात बसून तिलाच ठाऊक असलेली गोष्ट दडवणं ही फसवणूक होते. शेवटपर्यंत तिच्या मनात शिरलोच नाही तर गूढ टिकतं आणि ती कायम परकी राहते. माझं मत दुसऱ्या भागाच्या बाजूने आहे. तोवर वाचकाचं तिच्याबद्दल मत बनलेलं असतं आणि ते मोडायची हीच वेळ.

मोडायचं कसं? नायकाच्या नजरेतून पहिल्या भागात आलेला एक प्रसंग तिच्या नजरेतून ओझरता आठवू द्या. तो अख्खा पुन्हा लिहू नका, चार ओळी बस. नायकाला वाटलं होतं तिने मुद्दाम वर पाहिलं नाही. तिच्या प्रकरणात कळतं, की त्याच्या चालण्यावरून तिने त्याला रांगेतच ओळखलं होतं आणि हात थरथरू नये म्हणून ती तेच नाणं तीनदा मोजत होती.

तिचं निवेदन तिच्या कामाच्या भाषेत असावं. जकातवाली बाई माणसं बघते ती वजनाने, लपवाछपवीने, चुकलेल्या बेरजेने. दोघांच्या प्रकरणांतली नावं झाकून एकेक परिच्छेद वाचा. कोणाचा कोणता ते ओळखू येत नसेल तर दोघांच्याही तोंडी तुम्हीच बोलताय.

सावधान: दुसऱ्या भागात तिचं अपहरण करायचा विचार डोकावेल. मधला भाग रेंगाळायला लागला की तो डोकावतोच. अपहरण करायचंच असेल तर सुटका तिच्या कॅलेंडरमधल्या कौशल्यावर झाली पाहिजे आणि ती झाल्यावर तिच्या हाती काहीतरी नवं यायला हवं. हे जमत नसेल तर अपहरण गाळा.

## पायरी 6: भेटींचा हिशेब

आता कुठे नायकाचं कथानक समोर घ्या आणि दोन्ही कॅलेंडरं एकमेकांवर ठेवा. रेघा जिथे आपोआप छेदतात तिथेच भेट घडवा. उदाहरणात तिसऱ्या भागात नायकाच्या फौजेला घाट ओलांडायचा आहे आणि घाटाची चावी तिच्याकडे आहे. ही भेट कोणाला योगायोग वाटणार नाही. एरवी जंगलात, बाजारात, सरायीत अवचित भेटणारी नवरा-बायको मालिकेत एकदा चालतात, दुसऱ्यांदा नाही.

प्रत्येक भेटीपुढे वहीत एक ओळ लिहा: भेटीआधी काय होतं आणि नंतर काय बदललं. कोणाला नवी गोष्ट कळली, कोणी कोणाचं देणं लागू लागलं, कोणता पर्याय बंद झाला. ओळ लिहिता येत नसेल तर त्या भेटीत फक्त जुनं भांडण पुन्हा झालं आहे. ती काढा.

संबोधन मराठीत लिहिणाऱ्याच्या हातातलं फार मोठं साधन आहे आणि बहुतेक जण ते वाया घालवतात. लग्नात ती “अहो” म्हणत होती. पहिल्या भागात ती संबोधनच टाळते, वरचा जकातीचा संवाद पुन्हा पाहा. दुसऱ्या भागात तिचं सरकारी पत्र जातं, त्यात “मांत्रिकांस” एवढंच. तिसऱ्यात फौज दाराशी उभी असताना ती पहिल्यांदा त्याला नावाने, “तू” म्हणून हाक मारते. ही जवळीक आहे की मान काढून घेणं, हे वाचकाला ठरवू द्या. पण बदल कुठे होतो ते वहीत नोंदवा. नाहीतर एकाच प्रकरणात “तुम्ही” आणि “तू” यांची खिचडी होते आणि ती मुद्दाम केली असं कोणीही मानत नाही.

## पायरी 7: शेवट

तीन वाटा आहेत: परत येणं, कायमचं वेगळं होणं, किंवा या दोन्हींत न बसणारं काहीतरी नवं नातं. कोणतीही निवडा, पण शेवटचा निर्णय तिच्या हातून झाला पाहिजे. नायकाने माफी मागितली आणि ती विरघळली, यात निर्णय नायकाचा आहे. तिची फक्त प्रतिक्रिया.

परत यायचं असेल तर नायकाने पायरी 1 मधल्या तिच्या मजकुराला उत्तर दिलं आहे ना, ते पाहा. त्याने तिसऱ्या भागात दुसरं शहर वाचवलं, तिचा जीव वाचवला, सिंहासन नाकारलं, तरी हे तिच्या तक्रारीचं उत्तर नव्हेच. तक्रार न विचारल्याची होती. म्हणून उदाहरणात तिसऱ्या भागातला कळीचा क्षण लढाईआधीचा आहे. तो पुन्हा मोठा मंत्र टाकायला निघतो, थांबतो, आणि किंमत काय द्यावी हे तिला विचारतो. ती त्याला एक वही देते. दोन वर्षं रात्री बसून लिहिलेला मुलगा, पहिल्या पानापासून. आठवण त्याला परत मिळत नाही. तो फक्त वाचू शकतो. त्यानंतर ती घाट उघडते की नाही, हा तिचा अधिकार.

सावधान: तिला मारू नका, निदान नायकाला पेटवण्यासाठी तरी नाही. अमेरिकी कॉमिक्समध्ये हा प्रकार इतका बोकाळला होता, की 1999 साली, पुढे कॉमिक्स-लेखिका झालेल्या गेल सिमोन यांनी मारल्या गेलेल्या, जायबंदी झालेल्या किंवा शक्ती गमावलेल्या स्त्री-पात्रांची यादीच इंटरनेटवर मांडली आणि “वुमेन इन रेफ्रिजरेटर्स” (फ्रिजमधल्या बायका) हे नाव या खोडीला कायमचं चिकटलं. ती मेलीच तर तिचं स्वतःचं काहीतरी अर्धवट राहायला हवं, आणि तिच्या मरणाचा परिणाम नायकाखेरीज आणखी कोणावर तरी दिसायला हवा.

## पायरी 8: फक्त तिची पानं

तिन्ही भाग झाल्यावर ज्या प्रकरणांत ती आहे तेवढीच वेगळी काढा आणि सलग वाचा. नायकाची कथा मध्ये नसल्याने खड्डे लगेच दिसतात. दोन प्रसंगांच्या मध्ये तिने मत बदललं आणि कारण कॅलेंडरमध्ये आहे पण पानावर त्याची खूणही नाही, तर तिथे एक वाक्य घाला. फक्त एकच, कारण साल 6 ची अख्खी दरड तिला तोंडाने सांगायला लावली की सगळा परिणाम जातो. दुसऱ्या भागात ती वहीचं एक पान पुन्हा पुन्हा वाचते आणि तिला काही आठवत नाही, एवढं दिसलं की चाललं.

मग नायक असलेली तिची पानंही बाजूला ठेवा. काय उरतं? काहीच उरत नसेल तर पायरी 3 वर परत जा. अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या व्यंगचित्रमालिकेतून 1985 साली आलेली कसोटीही इथे लावता येते: दोन बायका, एकमेकींशी बोलणाऱ्या, आणि विषय पुरुष सोडून दुसरा. ती पास झाली म्हणजे पात्र चांगलं उतरलं असं नव्हे. पण तीन जाडजूड भागांत एकदाही पास होत नसेल, तर नाक्यावरच्या त्या बाईला तुम्ही एकही मैत्रीण, शत्रू किंवा हाताखालची मुलगी दिलेली नाही.

शेवटी किरकोळ तपासणी, जी कोणी करत नाही: तिचं वय, केस, जुन्या जखमा, मुलगा गेला तेव्हा किती वर्षांचा होता, घोड्याचा कोणता पाय तुटलेला होता. छापून झाल्यावर वाचकांचे प्रश्न आधी याच गोष्टींवर येतात.